गळते का रे?

सोसायटीच्या पार्किंगमध्ये दिवाळीच्या आधी नवीन फरशी बसली, फिकट करडी, आणि तिच्यावर पहिला डाग पडला तो माझ्या जुन्या बुलेटखाली. रुपयाएवढा, मधे काळा आणि कडेने तेल मुरत गेलेलं. सेक्रेटरींनी ग्रुपवर फोटो टाकला नाही, घरी येऊन शांतपणे सांगितलं, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. पण ते यायच्या आधीच मला माहीत होतं, कारण रोज सकाळी ऑफिसला निघताना मी गाडीखाली वाकून बघायचो आणि रोज मनात म्हणायचो की आज नसेल.

डागापेक्षा जास्त टोचायचं ते वेगळंच. दर रविवारी संध्याकाळी मामांचा फोन येतो, आईची तब्येत विचारतात, पोरांच्या परीक्षा विचारतात, आणि फोन ठेवताना एकच प्रश्न, "गळते का रे?" आणि मी जवळजवळ दीड वर्ष "नाही मामा, कोरडी आहे" असं सांगत आलो होतो. आयुष्यात मामांशी मी दुसरं कुठलं खोटं बोललेलो नाही.

गाडी त्यांचीच. बुलेट ३५०, १९७६ चं मॉडेल, मामांनी १९८३ ला सेकंड हँड घेतलेली. बीडाचं म्हणजे कास्ट आयर्नचं बॅरल, गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात. मामा नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये मेंटेनन्सला होते, तेच प्रेस जिथं पोस्टाची तिकिटं, स्टँप पेपर, पासपोर्ट छापतात. मामा सांगायचे की तिथं मशीनमधून तेलाचा एक थेंब कागदावर पडला तरी ते शीट बाद, आणि बाद झालेलं शीट चुरगळून टाकून देता येत नाही, त्याचाही हिशोब लागतो. सगळी नोकरी अशा ठिकाणी काढलेल्या माणसाला "थोडंसं गळतंय" हे वाक्य कळतच नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही जेलरोडला त्यांच्याकडे असायचो तेव्हा रोज सकाळी बघायचो, गाडी अंगणात मेन स्टँडवर, मामा अंघोळीच्या आधी उकिडवे बसून इंजिनच्या पोटाखालून बोट फिरवायचे, बोट उजेडात धरून बघायचे आणि पायजम्याला पुसायचे. मामींचं म्हणणं असायचं की या माणसाचे सगळे पायजमे उजव्या मांडीवर काळे. पण बोट काळं असायचं ते चिखलाधुळीनं, तेल क्वचित. आणि तेल लागलं की त्या रविवारी पाने बाहेर.

चार वर्षांपूर्वी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि किक मारणं संपलं. त्यानंतर अडीच वर्षं गाडी ताडपत्रीखाली उभीच, मग त्यांनी ती मला दिली. चावी देताना काही बोलले नाहीत, फक्त गाडीच्या मागच्या टूलबॉक्समधला पान्यांचा कापडी रोल काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, हे पाने घरात ठेव, टूलबॉक्समध्ये गंजतात.

इंदिरानगरला आणल्यावर पहिल्याच महिन्यात गळायला लागली. एका गॅरेजला टाकली, नाव घेत नाही, त्यांनी जोडांमधली सगळी पॅकिंग बदलली, ऑइल सील बदलले, वरून प्रत्येक जोडावर सिलिकॉनची जाड रेघ मारली आणि बिल दिलं. दोन महिने गेले. परत थेंब. परत नेली तर ऐकायला मिळालं, "साहेब, जुनी बुलेट आहे, गळणारच. गळायची थांबली तर समजा आतलं तेल संपलं."

हे वाक्य मी त्यानंतर किती जणांकडून ऐकलं असेल. मला ते मान्य नाही. हो, हे इंजिन १९४९ च्या इंग्लिश डिझाइनवरचं, मद्रासला १९५५ पासून बनायला लागलेलं आणि पुढं कितीतरी वर्षं फारसं न बदलता बनत राहिलेलं, इंजिन वेगळं, गिअरबॉक्स वेगळा, क्लचची चेनकेस, म्हणजे इंजिनपासून क्लचकडे जाणाऱ्या साखळीचा डबा, तोही वेगळा, म्हणजे तेलाचे डबेच तीन, जोड भरपूर, आजच्या गाडीसारखं एका झाकणात सगळं बंद नाही. पण जोड जास्त आहेत म्हणजे गळण्याच्या जागा जास्त आहेत एवढंच. गळायलाच पाहिजे असं कुठल्या ड्रॉइंगवर लिहिलेलं नाही. आणि माझ्याकडे तर पुरावा होता, हीच गाडी, हेच इंजिन, जेलरोडच्या अंगणात वीस-पंचवीस वर्षं कोरडं उभं राहिलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय.

मग डिसेंबरात ठरवलं की आता आपणच बघायचं. मी काही मेकॅनिक नाही, अंबडच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, त्यामुळे मोजायची आणि लिहून ठेवायची सवय आहे, आणि मामांचे पाने होते.

पहिलं काम धुण्याचं. गळती शोधायची तर आधी इंजिन इतकं स्वच्छ पाहिजे की नवीन ओल लगेच दिसेल, कारण चिकट जुन्या थरावर काहीच कळत नाही, सगळंच ओलं वाटतं. मामा रॉकेल वापरायचे, आता रॉकेल कुठं मिळतं, म्हणून डिझेल आणलं, जुने टूथब्रश, पेंटिंगचा ब्रश, आणि खाली मोठा ट्रे. ट्रेचा आग्रह यासाठी की आमच्या भागातलं गटार कुठं जातं ते मला माहीत आहे, नासर्डीत जातं आणि नासर्डी गोदावरीत. लहानपणी नदीवर ट्रक-रिक्षा धुतलेल्या पाहिल्यात आणि पाण्यावरचा तो इंद्रधनुषी तवंग आम्हाला तेव्हा सुंदर वाटायचा. आता नाही बघवत. काळं झालेलं डिझेल कॅनमध्ये भरून ठेवलं, जुनं ऑइल गोळा करणाऱ्याला द्यायला.

दोन संध्याकाळी गेल्या. बॅरलच्या पंख्यांमधली माती, टाइमिंग कव्हरच्या खालची कडा, गिअरबॉक्सच्या पुढची ती फट जिथं बोट जात नाही. सिलिकॉनच्या रेघा आल्या तशा नखाने सोलल्या, लांब लांब सापासारख्या निघत होत्या. मग कपड्याने कोरडं करून रात्रभर वाळू दिलं.

दुसऱ्या दिवशी पावडर. ही युक्ती मामांची. साधी टाल्कम पावडर जुन्या मोज्यात भरायची आणि मोजा इंजिनवर हलका आपटत जायचा, सगळं इंजिन पांढरं होतं, बाळाला पावडर लावल्यासारखं. मग गाडी चालू करून गरम होऊ द्यायची, थोडी चालवायची आणि थांबून बघायचं. जिथून तेल निघतं तिथं पावडर काळी पडते आणि तिथून खाली रेघ उतरते. मामांचं एक वाक्य होतं, लहानपणी बॅटरी धरायला आम्हाला बसवायचे तेव्हाचं: "वर बघ. तेल खाली दिसतं, फुटतं वर." थेंब पडतो तो इंजिनच्या सगळ्यात खालच्या टोकावरून, म्हणून बघणारा माणूस ड्रेन नट आवळत बसतो, आणि खरी जागा वीतभर वर असते. शिवाय चालत्या गाडीत तेल सरळ खालीही येत नाही, वाऱ्याने मागे ढकललं जातं. म्हणून सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधायची, बाकी सगळं तिथून वाहत आलेलं समजायचं.

पार्किंगमध्ये दहा मिनिटं आयडलला ठेवली, काही नाही. पाथर्डी फाट्यापर्यंत जाऊन आलो, बॅटरी घेऊन गाडीशेजारी आडवा पडलो. माझा संशय वर रॉकरला, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाला, तेल नेणाऱ्या बाहेरच्या पाइपांवर होता, त्यांच्या नटांखालचे वॉशर जुने झाले की तिथून पाझरतं. तिथं पावडर पांढरीशुभ्र. रॉकर कव्हरही कोरडे. त्याच्या खाली, उजवीकडे, बॅरलच्या बुडाशी टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दांड्यांचं, एक छोटं झाकण असतं, हाताच्या तळव्याएवढं, मधे एकच नट. त्या झाकणाची खालची कड काळी होती. तिथून बारीक रेघ निघून टाइमिंग कव्हरवरून वळसा घेऊन पार खाली गेली होती, आणि रेघेच्या शेवटी थेंब लटकत होता.

खरं सांगतो, इतका आनंद झाला की बायकोला खाली बोलावून दाखवला. तिनेही नीट वाकून पाहिला.

झाकण काढलं. आत दोन पुशरॉड, थंड इंजिनवर बोटांनी फिरवून पाहिले, मोकळे फिरत होते आणि वरखाली खेळ नव्हता, म्हणजे टॅपेट ठीक. झाकणावर पॅकिंगपेक्षा सिलिकॉनच जास्त. ते जुन्या प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून काढलं, ब्लेड नाही लावलं, अ‍ॅल्युमिनियमला ओरखडा पडला तर तीच नवीन वाट होते तेलाला. मग काचेवर चारशे नंबरचा पॉलिश पेपर ठेवून, दोन थेंब तेल टाकून, झाकण त्याच्यावर इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवलं. सपाट असेल तर सगळीकडे सारखं चमकतं. इथं दोन्ही टोकं चमकायला लागली आणि मधला भाग काळपटच राहिला. म्हणजे एवढ्या वर्षांत कोणीतरी, किंवा बऱ्याच जणांनी, गळतंय म्हणून मधला नट जोरात आवळला होता आणि झाकण वाकलं होतं. जितकं आवळाल तितकं वाकेल, जितकं वाकेल तितकं गळेल. घासत बसलो, पाऊण तास लागला, पण शेवटी चमक सगळ्या कडेवर एकसारखी आली.

पॅकिंग बाजारात तयार मिळतं, पण मला हाताने कापायचं होतं. पॅकिंगचा कागद झाकणावर धरायचा आणि छोट्या गोल डोक्याच्या हातोडीने कडेवर टकटक करत फिरायचं, कागद कडेवर आपोआप कापला जातो, अगदी झाकणाच्या आकाराचा. हे करताना मामांच्या अंगणातला तो आवाज कानात आला, भर दुपारी सगळे झोपलेले आणि बाहेर टक, टक, टक. दोन्ही बाजूंनी ग्रीसचा हात, हाताने घट्ट, मग पान्याने पाव फेरा. बास. इथं हात थांबवणं हेच अवघड काम आहे.

पाच दिवस कोरडी.

सहाव्या दिवशी सकाळी परत थेंब. आणि यावेळी दोन, एक जुन्या जागी आणि एक डावीकडे, क्लचच्या चेनकेसखाली. टॅपेटच्या झाकणाला बोट लावलं तर माझ्या त्या एवढ्या मेहनतीच्या कडेला घाम फुटल्यासारखी ओल होती. त्या रविवारी मामांचा फोन आला तेव्हा मी पोराला सांगितलं, बाबा बाहेर गेलेत म्हण. हेही खोटंच, आणि आता पोरालाही त्यात ओढलं, त्या रात्री नीट झोप नाही लागली.

एक गोष्ट मात्र बरी केली, दुसऱ्या दिवशी घाईने काही आवळलं नाही. चेनकेसचं तेल काढून मोजायचं ठरवलं. या चेनकेसमध्ये तेल बसतं चारशे मिलीच्या आसपास, इंजिनच्या दोन-सव्वादोन लिटरचा आणि त्याचा संबंध नाही, वेगळा डबा, मीच दोन महिन्यांपूर्वी मापून भरलं होतं आणि वहीत लिहिलं होतं. ड्रेनचा स्क्रू काढला, खाली मापाची बाटली. तेल येत राहिलं, येत राहिलं. सातशे मिली.

मी बाटली उजेडात धरून परत परत रेघ बघत होतो. गळतंय म्हणतोय तो डबा, दोन महिने वरून कोणी थेंब घातला नाही, आणि आत तेल कमी व्हायच्या ऐवजी तीनशे मिलीने वाढलं. आणि रंगही इंजिनच्या तेलासारखा काळा. इंजिनचं तेल मोजायची काडी मधून मधून कमी दाखवायची तेव्हा मला वाटायचं जळत असेल, म्हणून मी वरून टाकत होतो. (त्यातही एक फसगत आहे, ही गाडी बरेच दिवस उभी राहिली की तेलाच्या टाकीतलं तेल हळूहळू खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या पोटात, उतरतं आणि काडी उगाच कमी दाखवते. म्हणून आधी पाच मिनिटं चालवून मगच काडी बघायची, नाहीतर माणूस जास्तीचं तेल भरतो आणि ते जास्तीचं तेल बाहेरची वाट शोधतं. मी हे दोनदा तरी केलं असणार.) आता कळलं की इंजिनचं तेल क्रँकच्या, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याच्या, डाव्या टोकाच्या सीलमधून चेनकेसमध्ये जात होतं. पण सील तर वर्षापूर्वीच बदललेलं. नवीन सीलमधून तेल का जावं, आणि काचेवर घासून सपाट केलेल्या झाकणातून का यावं?

द्वारका चौकाच्या पुढे पुणे रोडला एक वयस्कर मिस्त्री बसतात, सगळे त्यांना चाचा म्हणतात, आता जड कामं करत नाहीत, मुलगा करतो, हे खुर्चीवर बसून ऐकतात. गाडी त्यांच्यासमोर लावली आणि सगळं सांगितलं, सातशे मिलीसकट. सातशे मिली ऐकल्यावर त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"मोजलं तुम्ही?"

"हो चाचा, बाटलीत मोजलं."

"चालू करा."

चालू केली. ते काठी टेकत डाव्या बाजूला आले, वाकले, ब्रीदरच्या पाइपचं टोक शोधून माझा हात धरला आणि माझं बोट त्या टोकावर ठेवलं. "काय लागतं?"

"काहीच नाही."

"काहीच नाही ना. मग ही श्वास कुठून सोडते?"

मी तसाच उभा राहिलो. ते पुढं म्हणाले, "पॅकिंगला काय शिव्या देता बेटा, आतून लाथ मारतंय ते."

इथं थोडं समजावून सांगतो कारण मला स्वतःला हे नीट कळायला त्या दिवशी घरी येऊन वहीत चित्र काढावं लागलं. या इंजिनचा पिस्टन ७० मिलिमीटरचा आणि तो ९० मिलिमीटर वरखाली फिरतो, त्यातून ३४६ सीसी येते, ती सगळे पिस्टनच्या वरच्या बाजूची मोजतात. पण पिस्टन खाली येतो तेव्हा खालच्या बाजूलाही तेवढीच हवा दाबली जाते. पिस्टन एकटाच, दुसऱ्या सिलिंडरचा पिस्टन वर जाऊन जागा करून देईल असंही नाही. क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला, आयडललासुद्धा मिनिटाला शेकडो वेळा, ३४६ सीसी हवेचा धक्का खाली क्रँककेसमध्ये, वर रिंगांमधून निसटलेला थोडा गॅस वेगळाच. या हवेला बाहेर जायला एक नळी असते, तिला ब्रीदर म्हणतात, आणि तिच्या तोंडाशी रबराची एक चोच, बदकाच्या चोचीसारखी चपटी. आतून दाब आला की चोच उघडते आणि हवा बाहेर जाते, पिस्टन वर गेला की चोच मिटते आणि बाहेरची हवा आत येऊ देत नाही. असं होत होत इंजिनच्या पोटात बाहेरच्यापेक्षा किंचित कमी दाब राहतो. म्हणजे ठणठणीत इंजिनमध्ये प्रत्येक जोडावर तेल आतल्या बाजूला ओढलं जातं. पॅकिंगला तेल अडवायचं कामच फारसं उरत नाही.

माझ्या गाडीत चोच कडक होऊन चिकटली होती, बोटाने दाबली तर बिस्किटासारखी मोडली. आणि वरून त्या गॅरेजमधे नळी नवीन टाकताना ती क्लँपमागे अशी दुमडून बांधली होती की चोच चांगली असती तरी हवा गेली नसती. सगळे जोड सिलिकॉनने बंद, आणि जी एकच वाट उघडी पाहिजे तीही बंद. मग तो दाब जाणार कुठं? जो जोड त्या आठवड्यात सगळ्यात कच्चा तिथून तेल घेऊन निघायचा, तो बुजवला की पुढचा. मी टॅपेटचं झाकण नीट केलं म्हणून तर चेनकेसकडून यायला लागलं.

चोचीचे चाचांनी पन्नास रुपये घेतले. मी विचारलं, क्रँकचं सील परत बदलू का, त्यासाठी अख्खा क्लच काढावा लागतो. म्हणाले, नको, आधी दम मोकळा करा, तीनशे किलोमीटर चालवा, परत मोजा. मोजायची सवय आहे ना तुम्हाला, मग मोजा.

घरी येऊन पुढचे तीन दिवस संध्याकाळी हेच काम. नवीन नळी तेलाला टिकणारी घेतली, मोठा मोकळा बाक देऊन मागे नेली आणि टोकाला छोटी बाटली लावली म्हणजे हवेबरोबर येणारं तुषार-तेल रस्त्यावर पडायला नको. चेनकेसचं मोठं झाकण काढलं, तेही एकाच नटावर बसतं, तेही आवळून आवळून बिचारं वाकवलेलं, लाकडी ठोकळा ठेवून हळूहळू सरळ केलं, रबराची रिंग नवीन टाकली. तेल बदलताना फिल्टर काढला तर त्याच्या फेल्टला सिलिकॉनचे धागे चिकटलेले, शेवयांसारखे. हे बघून मात्र घाम फुटला. जोडाच्या बाहेर सिलिकॉनची रेघ दिसते तेवढीच रेघ आतही दाबली जाते आणि तुटून तेलात फिरते, त्यातला एखादा धागा क्रँककडे जाणाऱ्या वाटेत बसला असता तर थेंबाची गोष्ट राहिली नसती, इंजिनच जाम झालं असतं. फरशीवर डाग पडू नये म्हणून लावलेल्या वस्तूने. मी आता कोणालाही हात जोडून सांगतो, सिलिकॉन लावायचंच असेल तर बोटावर पुसट घ्या, आणि लावायच्या आधी विचारा की हे लावायची वेळ का आली.

टॅपेटचं झाकण उघडलंच नाही. फक्त पुसलं.

मग परत चालू करून नळीच्या टोकावर बोट ठेवलं. फुक, फुक, फुक. गरम, ओलसर, बोटाला हलके धक्के. मी बराच वेळ तसाच बसलो होतो बोट लावून.

जानेवारीतल्या शनिवारी पहाटे त्र्यंबकला निघालो. नाशिकची थंडी तुम्हाला माहितीये, हँडल धरलेली बोटं सातपूर येईपर्यंत बधिर. सातपूर गेलं की गर्दी मागे पडते, पिंपळगाव बहुला, महिरावणी, मग डावीकडे अंजनेरी दिसायला लागतो, त्या दिवशी अर्धा डोंगर धुक्यात होता आणि वरची कड उन्हात. गाडी पन्नास-पंचावन्नला ठेवली, तिला तिथंच आवडतं. इतके महिने मी ही गाडी चालवताना मनात एक डोळा मागे, खाली, बुटाच्या टोकावर ठेवून चालवायचो, बुटावर तेलाचे शिंतोडे आले का म्हणून. त्या दिवशी अंजनेरी फाट्याला लक्षात आलं की आपण बराच वेळ ब्रह्मगिरीकडे बघतोय.

त्र्यंबकला स्टँडजवळ थांबून गाडीखाली बरोबर आणलेला पुठ्ठा सरकवला, चहा घेतला, दुसरा घेतला. तीस-पस्तीस मिनिटांनी पुठ्ठा काढला. शेजारच्या टपरीवाल्याने विचारलं, काय हरवलं का भाऊ? म्हणलं, नाही. पुठ्ठ्यावर एक डाग होता, छोटा, मागच्या चाकाच्या साखळीच्या खाली. वास घेतला, चेनला आदल्या दिवशी मारलेलं ग्रीस. इंजिनखाली पुठ्ठा कोरा.

तरी कोणाला काही सांगितलं नाही. तीनशे किलोमीटर व्हायला पुढचे तीन आठवडे गेले, ऑफिस, एकदा वणी, एकदा नुसतंच गंगापूर धरणापर्यंत. मग परत चेनकेसचा स्क्रू, परत तीच बाटली. चारशे वीस भरलं होतं, चारशे वीसला जरा कमीच निघालं, थोडं आत चेनला चिकटून राहतंच. सील चांगलं होतं. सील पहिल्यापासून चांगलंच होतं. वहीत आकडा लिहिला, तारीख टाकली, आणि चाचांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, हां, ठीक, आणि फोन ठेवला.

त्या रविवारी मामांच्या फोनची वाट नाही बघितली. दुपारी चार वाजता गाडी काढली आणि जेलरोडला गेलो. आवाज गल्लीच्या तोंडाशी आला असेल तेव्हाच मामींनी दार उघडलं होतं. अंगणात आता पेव्हर ब्लॉक आहेत, पण मेन स्टँडची जागा तीच. गाडी लावली. मामा काठी घेऊन बाहेर आले, उजव्या बाजूने बघितलं, फिरून डाव्या बाजूने बघितलं, ब्रीदरच्या नवीन नळीला हात लावला.

मी म्हणालो, "मामा, मी तुम्हाला खोटं सांगत होतो. दीड वर्ष गळत होती."

"माहितीये," मामा म्हणाले. "गळत नाही म्हणणारा माणूस इतक्या लगेच उत्तर देत नाही, आधी वाकून बघून येतो."

मग मला खुर्ची आणायला सांगितली, छोटी, मुलांची प्लॅस्टिकची. गुडघा वाकत नाही म्हणून खुर्चीवर तिरके बसले, एक हात टाकीवर टेकवला आणि दुसरा खाली घातला. इंजिनच्या पोटाखालून बोट पुढून मागे फिरवलं, मग मागून पुढे. हात बाहेर काढून बोट उन्हात धरलं. बोट कोरडं होतं, तरी त्यांनी ते सवयीने पायजम्याला पुसलं.